पटाची अर्धी बाजू देऊन टाकताना

कोल्हापुरात कुठल्याही रविवारच्या बुद्धिबळ स्पर्धेला जा, पहिल्या फेरीची घड्याळं सुरू झाल्यावर रांगांमधून एक चक्कर मारा. निम्म्याहून जास्त पटांवर पांढऱ्याची एकच मांडणी दिसेल. वजिरापुढचं प्यादं दोन घरं, उंट एफ-४ वर, ई-३, सी-३ आणि मग किल्लेकोट, म्हणजे राजाला हत्तीच्या आडोशाला नेणं. (पटावरच्या प्रत्येक घराला उभ्या ओळीचं अक्षर आणि आडव्या ओळीचा आकडा असं नाव असतं. नुसतं घराचं नाव आलं की प्यादं तिथे गेलं असं समजायचं.) लंडन सिस्टिम. समोरचा काहीही खेळो, आपल्या चाली त्याच. मुलांना ती पटकन शिकवता येते, डाव लवकर कोसळत नाही, पालकही खूश. प्रशिक्षकांची अडचण मला कळते. एका वर्गात पंचवीस मुलं, महिन्यावर स्पर्धा आलेली, अशा वेळी हीच सुरुवात सोयीची. पण दहा-अकरा वर्षांच्या पोराला बुद्धिबळाची पहिली ओळख ‘समोरच्याकडे बघायची गरज नाही’ अशी करून द्यावी, हे मला मनापासून खटकतं.

खासबागेत, शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या त्या मैदानात, ज्यांनी कुस्ती पाहिली आहे त्यांना खडाखडी माहीत असते. पैलवान लगेच भिडत नाहीत. हाताला हात लावतात, मनगट धरतात, सोडतात, मानेवर थाप देतात. नवख्याला वाटतं, अजून काही सुरूच झालं नाही. जाणत्याला मात्र तेवढ्यात समजलेलं असतं की कोणाचा भार पुढच्या पायावर आहे आणि कोण पट काढायच्या, म्हणजे पाय ओढून पाडायच्या, बेतात आहे. बुद्धिबळातली सुरुवात मला तशी वाटते. त्या दहा-बारा चालींत आपण ठरवत असतो, की आज आपण काय सोडायला तयार आहोत आणि कशाच्या बदल्यात.

काळ्या मोहऱ्यांनी मी किंग्ज इंडियन नावाची सुरुवात खेळतो. पांढऱ्यानं वजिरापुढचं प्यादं ढकललं की माझा घोडा एफ-६ वर येतो, जी-६ होतं, उंट जी-७ वर बसतो, डी-६ आणि किल्लेकोट. तोवर पांढऱ्यानं सी-४, डी-४, ई-४ अशी तीन प्यादी छातीठोकपणे मधोमध उभी केलेली असतात. पाहणाऱ्याला वाटतं, याचं सगळं गेलं. मधला पट त्याचा, जागा त्याची, आणि हा आपला कोपऱ्यात घर बांधतोय. मग ई-५ येतं. पांढरा डी-५ खेळून मध्य बंद करतो आणि पट दोन भागांत फाटतो. वजिराची बाजू पांढऱ्याची, राजाची बाजू काळ्याची. पांढरा तिकडून सी-५ करून फळी फोडत येणार, काळा इकडून एफ-५, एफ-४, जी-५, जी-४ करत पांढऱ्या राजावर चालून जाणार. दोघांनाही थांबायची सोय नाही. वजिराच्या बाजूचं माझं घर लुटलं जाणार हे मला पहिल्यापासून ठाऊक असतं. तिकडे प्यादी पडतील, कदाचित हत्तीही जाईल. मी ते देऊ करतो, कारण राजा इकडे आहे.

हे ‘देऊ करणं’ मला फार आवडतं. माझ्या मते या सुरुवातीचा सगळा अर्थ त्यातच आहे.

तिचा इतिहास सांगायला हवा, कारण तो आपल्या मातीशी जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचे एक स्कॉटिश बॅरिस्टर वकिली करत होते. त्या काळातल्या जगातल्या चांगल्या खेळाडूंपैकी एक. त्यांना कलकत्त्याबाहेरच्या गावातला मोहेशचंद्र बॅनर्जी हा खेळाडू सापडला. दोघे वर्षानुवर्षं एकमेकांशी खेळले, आणि कॉक्रेननी ते डाव लिहून ठेवले हे आपलं भाग्य. युरोपातले खेळाडू तेव्हा राजापुढचं प्यादं दोन घरं ढकलून थेट भिडत. मोहेशचंद्र मात्र घोडा एफ-६ वर काढत, जी-६ करून उंट बाजूनं आणत, मध्य समोरच्याला देत आणि नंतर त्याला धक्का देत. १८५५ च्या एका डावात त्यांनी तिसऱ्या चालीला डी-५ खेळून जी मांडणी केली, ती पुढे १९२२ साली व्हिएन्नाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्डनं त्याच शहरात, पुढे जगज्जेता झालेल्या अलेखिनविरुद्ध वापरली आणि ग्रुनफेल्डच्या नावानं जगभर गेली. बंगालमधल्या एका माणसाच्या हातून सहज पडलेली चाल, आणि तिच्यावर नाव मात्र व्हिएन्नाचं.

मोहेशचंद्र असे का खेळत, याचं उत्तर माझ्या आजोबांच्या पटावर मिळतं असं मला वाटतं. आजोबा देशी पद्धतीनं खेळत. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्याची उडी मारता येते. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या मोहऱ्याच्या रांगेत पोचलं, तेच मोहरं मिळतं. समोरच्याकडे नुसता राजा उरला की बुर्जी, आणि प्याद्यानं मात केली तर तिचा मान सगळ्यात मोठा. अशा खेळात घाईनं मध्य काबीज करताच येत नाही. एकेक घर पुढे जात आधी भिंत बांधायची, उंटांना बाजूनं वाट काढून द्यायची, राजाचं ठिकाण पक्कं करायचं आणि मग चकमक. आजोबा सोप्यात मांडी घालून बसत, कापडी पट पसरत आणि बराच वेळ दोघांची एकही मोहरी एकमेकांना शिवत नसे. शेजारी बघायला येणारे कंटाळून जात. आजोबा सांगायचे, “अजून डाव लागला नाही रे, बस.” डाव लागणं हा त्यांचा शब्द. मांडणी पुरी होऊन आता लढाई अटळ आहे, अशी ती घडी.

पुढे शाळेत असताना मी आंतरराष्ट्रीय नियम शिकलो, पुस्तकात किंग्ज इंडियनची आकृती पाहिली आणि ती मला आजोबांच्या पटासारखी दिसली. जी-६, डी-६, उंट कोपऱ्यात, राजा आडोशाला. तेव्हापासून मी दुसरं काही मनापासून खेळू शकलेलो नाही.

आता अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावरच्या मार देल प्लाता या शहराकडे जाऊ. साल १९५३. पांढरी मोहरी मिगेल नायडॉर्फकडे, काळी स्वेतोझार ग्लिगोरिचकडे. ही दोन माणसं कोण होती हे कळल्याशिवाय त्या डावाची खोली कळत नाही. नायडॉर्फ मूळचा पोलंडचा. १९३९ साली बुद्धिबळ ऑलिम्पियाडसाठी ब्युनॉस आयरिसला गेला आणि तिथे असतानाच युरोपात युद्ध पेटलं. तो परतला नाही. मागे राहिलेलं त्याचं ज्यू कुटुंब, बायको, मूल, आईवडील, नरसंहारात संपलं. १९४७ साली साओ पावलोत त्यानं पट न बघता एकाच वेळी ४५ जणांशी डाव खेळले. या विक्रमाची बातमी जगभर छापून येईल आणि घरचं कोणी जिवंत असेल तर त्याच्यापर्यंत पोचेल, या आशेनं तो असे विक्रम करत होता. ग्लिगोरिच बेलग्रेडचा. युद्धात तो युगोस्लाव्ह पार्टिझनांबरोबर, म्हणजे नाझींविरुद्धच्या गनिमी सैनिकांबरोबर, जंगलात लढला होता. घर कसं जातं आणि ते गेल्यावर काय उरतं, हे दोघांनाही कोणी शिकवायची गरज नव्हती.

त्या डावात ग्लिगोरिचनं जी योजना उभी केली, ती आजही शहराच्या नावानं ओळखली जाते. एफ-५, एफ-४, जी-५ ही प्याद्यांची लाट तर आहेच. पण मला त्यातली सगळ्यात देखणी चाल हत्तीची वाटते. काळा एफ-८ वरचा हत्ती एक घर वर, एफ-७ वर घेतो. सरळ बघितलं तर काहीच झालं नाही. नीट बघितलं तर त्या एका घरानं तीन कामं झाली. सातव्या रांगेतून तो सी-७ चं घर राखतो, जिथे पांढऱ्याचा घोडा घुसायला टपलेला असतो. एफ-८ रिकामं झाल्यामुळे उंट तिथे परत येतो आणि डी-६ च्या प्याद्याला पाठीशी घालतो. आणि वेळ आली की हाच हत्ती जी-७ वर सरकून पांढऱ्या राजासमोरच्या उभ्या ओळीत उभा राहतो. ही चाल मुलांना दाखवताना मी दरवेळी थांबतो आणि विचारतो, “काय काय केलं हत्तीनं?” एक काम सगळे सांगतात. तिन्ही सांगणारं पोर भेटलं की मला दिवसभर बरं वाटतं.

ग्लिगोरिच जिंकला. पुढची गोष्ट मला डावाहून मोठी वाटते. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये, न्यूहाउझेन आणि झुरिकला जगज्जेतेपदाच्या आव्हानवीरांची स्पर्धा भरली. नायडॉर्फसमोर मार्क तैमानोव्ह बसला. सोव्हिएत ग्रँडमास्टर, आणि मैफिली गाजवणारा पियानोवादकही. या वेळी नायडॉर्फकडे काळी मोहरी होती. ज्या योजनेनं त्याला मार देल प्लातात हरवलं होतं, तीच तो तैमानोव्हविरुद्ध खेळला. हत्ती एफ-७, उंट एफ-८, जी-४ आणि मग जी-३ चं प्यादं सरळ देऊन टाकलं, पांढऱ्या राजाभोवतीची वाट मोकळी केली आणि जिंकला. ज्यानं आपल्याला हरवलं त्याचंच शस्त्र उचलायला मन मोठं लागतं. पराभवाचा सल माणसाला बहुधा त्या रस्त्यापासून लांबच ठेवतो. नायडॉर्फनं पाहिलं की कल्पना खरी आहे, आणि ती आपलीशी केली.

या मांडणीचं टोक पाहायचं तर नेदरलँड्समधलं १९८९ चं टिलबर्ग. डच ग्रँडमास्टर येरून पिकेट विरुद्ध तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह. पिकेटनं वजिराच्या बाजूला सगळं बरोबर केलं. बी-४, सी-५, ए-४, ए-५, घोडा बी-५ वर आणि तिथून थेट सी-७ वर. तिथून तो कास्पारोव्हचा कोपऱ्यातला हत्ती मारणार. कास्पारोव्हनं त्या हत्तीकडे पाहिलंही नाही. जी-३. पिकेटनं हत्ती मारला. कास्पारोव्हचा घोडा एच-५ वर, मग प्याद्यानं एफ-२ चा उंट खाल्ला, घोडा जी-३ वर शह देत आला. पांढऱ्याचा राजा जागच्या जागी चेंगरत गेला. २८ व्या चालीला कास्पारोव्हनं तो घोडा पांढऱ्याच्याच कोपऱ्यात, एच-१ वर नेऊन ठेवला. बुद्धिबळाच्या प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं की घोडा कोपऱ्यात दुबळा. इथे तो कोपऱ्यातला घोडा एफ-२ च्या हत्तीवर होता आणि तो हत्ती ए-७ वरच्या काळ्या वजिरामुळे राजासमोर बांधला गेला होता. राजानं घोडा घेतला तर वजीर हत्ती घेणार. पिकेटनं डाव सोडला. हा डाव मी पटावर मांडतो तेव्हा शेवटच्या चालीनंतर मोहरी लगेच गोळा करवत नाहीत.

याच कास्पारोव्हनं पुढे किंग्ज इंडियन सोडून दिली हेही सांगितलं पाहिजे. रशियन ग्रँडमास्टर व्लादिमिर क्रामनिकनं नवव्या चालीलाच बी-४ खेळून, घोडा मागे घेण्यात वेळ न दवडता, वजिराच्या बाजूची धाड लवकर घातली. १९९७ ला नोव्हगोरोदमध्ये कास्पारोव्ह त्याच्याविरुद्ध हरला आणि नंतर या सुरुवातीकडे फारसा वळला नाही. आज संगणकाला विचारलं तर तो पांढऱ्याचं पारडं जड असल्याचं सांगतो. तो खोटं बोलत नाही. पण त्याला समोरच्या माणसाचा राजा दिसतो, माणूस दिसत नाही. आपल्या राजाकडे तीन प्यादी धावत येत असताना, घड्याळात चार मिनिटं उरलेली असताना, वजिराच्या बाजूचा फायदा मोजत शांत बसणं किती अवघड असतं, हे त्या आकड्यात येत नाही. हा अवघडपणा म्हणजेच माणसांचं बुद्धिबळ.

हे सगळं पुन्हा मनात उसळलं ते कोल्हापुरातल्याच एका रॅपिड स्पर्धेमुळे. प्रत्येकी २५ मिनिटं आणि चालीमागे १० सेकंद. कार्यालयाच्या सभागृहात पंखे घरघरत होते, बाहेर पालक डबे घेऊन बसले होते. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ साली जॉर्जियातल्या बातुमीत महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकल्यापासून आमच्याकडच्या सभागृहांत मुली जास्त दिसतात, आणि ज्या दिसतात त्या जास्त ताठ बसतात असं मला वाटतं. पेअरिंग, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याची यादी, लागलं. समोर इचलकरंजीची एक मुलगी, नववीतली असावी. पांढरी मोहरी तिची. मी मनात लंडनची तयारी ठेवली होती. तिनं डी-४ नंतर सी-४ खेळलं, मग घोडा, मग ई-४. मी तिच्याकडे बघितलं, ती पटाकडे बघत होती.

एकेक चाल पडत गेली आणि आम्ही दोघं त्या जुन्या रस्त्यावर आलो. डी-५, घोडा ई-१, उंट ई-३, एफ-३, उंट एफ-२. माझं जी-५. तिचं बी-४, सी-५. पिकेटच्या वाटेनंच ए-४ आणि ए-५. मी हत्ती एफ-७ वर घेतला, उंट एफ-८ वर. कास्पारोव्हनं इथे सी-८ चा उंट डी-७ वर आणला होता. मी तो हलवला नाही, एच-५ खेळलो. कारण सांगतो. या सुरुवातीत काळ्याचं सगळ्यात मोलाचं मोहरं वजीर नाही, हत्तीही नाही. सी-८ वर, अंगणाबाहेर पाऊल न टाकलेला, पांढऱ्या घरांवरचा उंट, तो या हल्ल्याचा जीव. तो गेला की राजाच्या बाजूची सगळी प्यादी नुसतीच पुढे जाऊन उभी राहतात. ज्याला हे ठाऊक आहे, तो पांढरा खेळाडू सगळं सोडून त्या उंटाच्या मागे लागतो.

तिला ठाऊक होतं. घोडा बी-५ वर आला. मी जी-४ केलं. तिनं राजा एच-१ वर सरकवला, मी जी-३ वर प्यादं रोवलं, तिचा उंट जी-१ वर राजाशेजारी जाऊन बसला. चांगला, दमदार बचाव. माझा घोडा एच-४ वर गेला आणि तिनं ए-७ चं प्यादं घोड्यानं खाल्लं. प्याद्यासाठी नव्हे. त्या घरावरून तिची नजर थेट सी-८ च्या उंटावर होती.

मग मी तो उंट तिला दुसरीकडे दिला. सी-८ वरून सरळ एच-३ वर, तिच्या राजासमोरच्या प्याद्याच्या तोंडी. ती कितीतरी वेळ हलली नाही. शेजारच्या पटावरचा डाव संपला होता, ते दोघे उभे राहून आमचा पट बघू लागले. तिनं उंट घेतला. माझा वजीर डी-७ वर आला, एच-३ कडे निघाला. आणि इथे तिनं एक अशी चाल केली की मला मनात दाद द्यावी लागली. आपल्या राजाचं काहीही न करता तिनं उंट बी-५ वर आणून माझ्या वजिरालाच हुसकावलं. वजीर एच-३ वर पोचला, पण तिनं ती एक चाल कमावली होती, वजीर बचावाला आणला होता. पुढे तिनं योग्य वेळी एक घोडा परत दिला आणि राजासमोरचं दार लावून घेतलं. मी शह देत राहिलो, ती राजा हलवत राहिली. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, आम्ही पंचांना बोलावलं. बरोबरी.

बाहेर चहाच्या गाडीजवळ तिच्या वडिलांनी सांगितलं की ते यंत्रमागावर काम करतात, रात्रपाळी करून थेट इथे आलेत. “सर, कशी खेळली ओ?” मी म्हटलं, “ही पोरगी समोरच्याकडे बघून खेळते. हे शिकवून येत नाही.” त्यांनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष तिच्या चेहऱ्याकडे होतं. तिला बरोबरीचा आनंद झालेला दिसत नव्हता. तिनं पिशवीतून गुंडाळीचा पट काढला, कट्ट्यावर पसरला आणि भराभर मोहरी मांडली, थेट एकोणिसाव्या चालीची स्थिती.

“काका, मी राजा एच-१ ला नेलाच नसता आणि इथेच ए-७ घेतलं असतं तर? मग उंट बी-६ ला, तुमचा वजीर हलला की हा उंट मेला.” तिनं सी-८ वर बोट ठेवलं. आम्ही तो डाव खेळून पाहिला. जी-३ येतंच, पण माझा उंट उरत नाही. मग एकटी प्यादी आणि घोडे घेऊन मला वाट काढावी लागते. ती निघते की नाही यावर आमचं एकमत झालं नाही. पुढच्या फेरीची पेअरिंग लावली असं कोणीतरी ओरडलं, तरी ती उठेना.

“तुम्ही हे काळ्यानं नेहमी खेळता?”

“नेहमी.”

“वजिराची सगळी बाजू जाते की ओ पण.”

“जाते.”

तिनं मोहरी उलट बाजूनं मांडायला घेतली, काळी आपल्याकडे. घोडा एफ-६, जी-६, उंट जी-७. “पुढच्या वेळी काळं आलं तर मी हेच खेळणार.”

मी तिला नायडॉर्फबद्दल सांगितलं असतं, पण पंच दारात उभे होते. चालता चालता एवढंच म्हटलं, “मग नवव्या चालीलाच बी-४ आलं तर काय करायचं, ते घरी बघून ये. तिथे कास्पारोव्ह अडकला होता.”

“घोडा एच-५ ला नेला तर?” ती धावता धावता मागे वळून म्हणाली. तीच तर मुख्य चाल आहे.